लागू नसेल ते खोडा

मुलुंडला, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या ओट्याच्या कोपऱ्यात काचेची एक वाटी उपडी.
तिच्याखाली कागद, अर्धा पांढरा अर्धा काळा,
त्यावर एक अळंबी, देठ कापलेली,
जुन्या चार आण्यांच्या नाण्याएवढी.
शेजारी चिठ्ठी : हात लावू नये.
तरी नवऱ्याने विचारलंच, चटणी केलीस का?

रात्रभर ती न बोलता सांडत राहिली.
सकाळी काळ्या बाजूवर गोल उमटला होता,
रेघारेघांचा,
रंग शिळ्या सोलकढीचा.
माझा चहा उतू गेला.

सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू कोनदार,
खडीसाखर फोडावी तसे.
पुस्तक उघडलं.
देठाला कडी आहे? नाही. एकोणीसवर जा.
चोळल्यावर निळी पडते? पडते, पण उशिरा,
आधी विचार केल्यासारखी. तेवीसवर जा.
तेवीसवर दोनच ओळी
आणि एक प्रश्नचिन्ह.

कॉलेजच्या कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात,
नव्वद वर्षांचं एक पाकीट सापडलं.
आत तंबाखूसारखा चुरा.
त्यातला कण भिजवला, मोजला, पुन्हा मोजला.
जुळलं.
मग बराच वेळ मी नुसती स्टुलावर बसून होते,
शिपाई पंखे बंद करत आला तोवर.

दाखवली होती नवशीबाई वरठांनी.
भाद्रपदात, भांडुपच्या मागच्या उतारावर,
पाण्याचा मोठा पाइप ओलांडून,
आडव्या पडलेल्या असाण्याच्या अंगावर.
त्या करटुली शोधत होत्या, मी काहीही.
हिचं नाव काय?
"खात नाय, विकत नाय, नाव कशाला?
पण हितंच येते. आईच्या वेळेला झाड उभं होतं,
एकच फांदी मेलेली. त्या फांदीवर यायची."

अकरा होत्या. मी एक खुडली.
ओळखायला मारावं लागतं,
हे कसं सांगावं म्हणून शब्द जुळवत होते,
तर त्याच म्हणाल्या, "दहा राहिल्या,"
आणि टोपली काखेत घेऊन पुढे झाल्या.

मग कळलं, तिथून फिरायची वाट काढणार आहेत.
खोड उचलणार. साफसफाईत.
अर्ज घेऊन गेले.
झाडाची स्थिती : जिवंत / मृत.
लागू नसेल ते खोडा.
मी दोन्ही ठेवले.

ठोंबरेंनी चष्मा कपाळावर नेला.
"मॅडम, मेलेलं झाड वाचवायचं
म्हणजे आम्ही नेमकं करायचं काय?"
काही करायचं नाही.
"काही न करायचं असेल
तर वरून मंजुरी लागते.
हातोडा असता तर आजच सही दिली असती."

शेवटचा रकाना : नेमके ठिकाण.
लिहावं, तर रविवारी कॅमेरे येतील,
गुडघे टेकतील, बूट टेकतील,
कोणी घरी नेईल, परडीत, शोभेला.
न लिहावं, तर सोमवारी करवत.
पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं, तिथे डाग पडला.
डागाच्या पुढे लिहिलं,
'नवशीबाई वरठा यांना माहीत आहे.'

मंजुरी आली की फाइल हरवली, ठाऊक नाही.
वाट मात्र तिथे दोन हात वळते.
का वळते याची पाटी नाही.
लोक वळतात, शेंगदाणे खात पुढे जातात.

पुढच्या भाद्रपदात एकही आली नाही.
मी चारदा गेले. खोड नुसतं ओलं,
मुंग्या, एक सापसुरळी.
पाकिटातल्या चुऱ्यात मी अजून एक चुरा ठेवलाय,
एवढंच झालं, असं वाटायचं.

त्याच्या पुढच्या वर्षी, रविवारी, फोन.
"ठोंबरे बोलतोय. पोरीला घेऊन आलोय इथं.
हात लावला नाही, आईशप्पथ.
सात आहेत, मॅडम.
तशा आठ, पण एक टाचणीएवढीच आहे अजून.
पोरगी विचारते, ती धरायची का?"

धरा, म्हटलं.
मोजण्यात.